खाली परमिट रूम, वर आपण

मागच्या अंकात मी सहज लिहून गेलो की बारची तक्रार घेऊन लोक आधी इंद्रभुवनात, म्हणजे आपल्या सोलापूर महापालिकेत जातात आणि हात हलवत परत येतात. त्या एका वाक्यावर एवढी पत्रं आणि व्हॉट्सॲप आले की यावेळी दुसरा विषय घ्यायला जागाच उरली नाही. आधीच सांगतो, मी वकील नाही. पंचवीस वर्षं हॉटेलवाल्यांच्या लायसन्सच्या फायली बगलेत मारून या ऑफिसातून त्या ऑफिसात फिरलोय, त्यातून जे डोक्यात राहिलं तेच इथं लिहितो.

प्रश्न : काका, आमच्या बिल्डिंगला खाली गाळे आहेत. कोपऱ्यावरचे दोन एकत्र करून तिथं रेस्टॉरंट अँड बार येतंय असं ऐकलंय, आत फर्निचरचं काम जोरात चालूय. आम्ही सात-आठ बायका महापालिकेत गेलो तर ते म्हणाले हे आमच्याकडं येत नाही, पोलिसात गेलो तर म्हणाले एक्साइजला जा. नेमकं जायचं कुठं? (एक वाचक, जुळे सोलापूर)

उत्तर : ताई, तुम्हाला कुणी खोटं सांगितलं नाही, फक्त कुणी पूर्ण सांगितलं नाही. आपल्याकडं बार म्हणजे एक लायसन्स नसतंय, तो कागदांचा गठ्ठा असतो आणि त्यातला प्रत्येक कागद वेगळ्या हाताने दिलेला असतो. दारूचा कागद राज्य सरकारचा, 1949 च्या दारूबंदी कायद्याखालचा. कायद्याचं नाव दारूबंदी आणि त्याच्याखाली दारूची लायसन्सं, ही आपल्या राज्याची जुनी गंमत आहे. परमिट रूमच्या लायसन्सला एफएल-थ्री म्हणतात, ते जिल्हाधिकारी देतात आणि त्याची चौकशी, पंचनामा, तपासणी राज्य उत्पादन शुल्कवाले म्हणजे आपले एक्साइजवाले करतात. गाणंबजावणं, ऑर्केस्ट्रा, डीजे असलं काही असेल तर तो परवाना पोलीस आयुक्तालयाचा. आणि महापालिकेकडं राहतं काय, तर जागा. ती जागा कशासाठी मंजूर होती, नकाशा काय होता, पार्किंग कुठं दाखवलं होतं, आगीची व्यवस्था आहे का, महापालिका अधिनियमाच्या कलम 376 खालचा व्यवसाय परवाना घेतलाय का. दारू हा शब्द वगळून बाकी सगळं.

म्हणून महापालिकेत जाऊन "आम्हाला बार नको" म्हटलं की तिथला माणूस खरोखरच काही करू शकत नाही. पण "या दोन गाळ्यांमधली भिंत परवानगी घेऊन काढली का, मंजूर नकाशात मागच्या बाजूला पार्किंग आहे तिथं किचन कसं काय बांधलंय" असं लेखी विचारलं की त्याला उत्तर द्यावंच लागतं. माझ्या हातातल्या एका फाइलचं असंच झालेलं. मालकाने लाखो रुपयांचं इंटिरियर केलं आणि फाइल अडकली कशावर, तर भटारखाना पार्किंगमध्ये होता. सहा महिने मी त्या फाइलपायी जिने चढलो, पण शेजारच्यांच्या बाजूने बघितलं तर त्यांचा अर्ज अगदी बरोबर जागी लागला होता.

आता एक्साइजकडं काय मांडायचं. शाळा-कॉलेज, धार्मिक संस्था, एसटी स्टँड यांच्यापासून 75 मीटरच्या आत परमिट रूम देत नाहीत हे सगळ्यांना अर्धवट माहीत असतंय, पण त्यातली मेख कुणी सांगत नाही. देऊळ म्हणजे नोंदणीकृत पब्लिक ट्रस्टचं देऊळ, पिंपळाखाली गेल्या वर्षी बसवलेला शेंदूर लावलेला दगड नाही. शाळा म्हणजे मान्यता असलेली शाळा, खासगी क्लास त्यात येत नाही. त्यामुळं "समोरच मुलांचे क्लासेस आहेत हो" हा मुद्दा भावनेला कितीही पटला तरी मोजपट्टीवर टिकत नाही. त्यापेक्षा जवळच्या मान्यताप्राप्त बालवाडीचं किंवा ट्रस्टच्या मंदिराचं नोंदणीचं कागद मिळवा आणि अर्जाला जोडा. फाइलमध्ये अंतराचा नकाशा असतो, तो माहितीच्या अधिकारात मागा, दहा रुपयाचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो आणि तीस दिवसांत उत्तर द्यायचं असतं. कुठून कुठपर्यंत मोजलंय ते बघा. मी असेही नकाशे बघितलेत ज्यात आख्खी शाळाच काढायची राहून गेलेली.

आणखी एक. 2025 च्या मार्चमध्ये विधानसभेत सरकारने जाहीर केलं की नोंदणीकृत हाउसिंग सोसायटीच्या आवारातल्या गाळ्यात नवीन बिअर शॉपी किंवा देशीचं दुकान टाकायचं तर सोसायटीची एनओसी लागेल. तुमचं प्रकरण परमिट रूमचं आहे म्हणून ते जसंच्या तसं लागू होईल असं समजू नका, पण तुमची सोसायटी मुळात रजिस्टर आहे का ते आधी बघा. जुळे सोलापुरात निम्म्या बिल्डिंगा अजून बिल्डरच्याच नावावर झोपल्यात. सोसायटी रजिस्टर असेल तर मीटिंग लावून ठराव करा आणि तो ठराव जिल्हाधिकारी, एक्साइज अधीक्षक आणि महापालिका आयुक्त अशा तिघांना एकाच तारखेला द्या. तिन्ही पोचा जपून ठेवा. आणि हे सगळं लायसन्स व्हायच्या आधी करा, फर्निचर चाललंय म्हणजे तुमच्याकडं अजून वेळ आहे.

प्रश्न : होटगी रोडला आमच्या मागच्या बाजूला एका हॉटेलच्या गच्चीवर शनिवार-रविवार डीजे लागतो, मुलगी बारावीला आहे. फोन केला की पोलीस येतात, आवाज कमी होतो, गाडी वळली की परत वाढतो. मालक म्हणतो आमचं बंदिस्त आहे, आम्हाला दहाचा नियम नाही.

उत्तर : बंदिस्त! वर ताडपत्री आणि बाजूला बांबूची जाळी लावली म्हणजे बंदिस्त झालं असं आपल्याकडच्या लोकांना मनापासून वाटतं. ध्वनी प्रदूषणाचे नियम 2000 सालचे आहेत. रात्री 10 ते सकाळी 6 स्पीकर बंद, आणि सूट आहे ती सभागृह, कॉन्फरन्स रूम, कम्युनिटी हॉल, बँक्वेट हॉल असल्या खरोखर बंद जागेला, ती पण आतल्या आत ऐकू जाण्यापुरती. गच्ची त्यात कुठून येणार. सरकार वर्षातले जास्तीत जास्त 15 दिवस सणासुदीला रात्री 12 पर्यंत सूट देऊ शकतं, त्यात शनिवार-रविवार नसतात.

आणि लोक एक गोष्ट विसरतात, दहाच्या आधी पण काहीही वाजवायची मुभा नाहीये. राहत्या वस्तीला दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा आहे, खासगी जागेतल्या साउंडचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर त्याच्यापेक्षा 5 डेसिबलने जास्त, बस्स. दवाखाना, शाळा, कोर्ट यांच्या भोवतीचं 100 मीटर शांतता क्षेत्र असू शकतं, तिथं आणखी कमी. तुमच्या आसपास हॉस्पिटल असेल तर अर्जात ते पहिल्या ओळीत लिहा.

आता गाडी वळली की आवाज वाढतो याचं काय. 112 ला फोन करा, पण तेवढ्यावर थांबू नका. एक साधी शंभर पानी वही घ्या, तारीख, सुरू कधी, बंद कधी, फोन कधी केला, पोलीस कधी आले, एवढंच लिहायचं, सोबत आपल्या खिडकीतून दोन मिनिटांचा व्हिडिओ. मोबाइलच्या ॲपमधला डेसिबलचा आकडा पुरावा म्हणून कुणी धरणार नाही पण वही धरतात, कारण चार आठवड्यांची वही घेऊन पोलीस आयुक्तालयात लेखी अर्ज दिला की तो एका रात्रीचा वाद राहत नाही. त्यात विचारा की या जागेला संगीताचा, कार्यक्रमाचा परवाना आहे का, असेल तर अटींची प्रत द्या. बऱ्याचदा परवाना खालच्या एसी हॉलचा असतो आणि वाजतं गच्चीवर. आणि ती गच्ची महापालिकेने हॉटेल म्हणून मंजूर केलीय का, हा दुसरा अर्ज इंद्रभुवनात. मालकाशी भांडायला मात्र जाऊ नका, विशेषतः रात्री अकराला तर नाहीच.

प्रश्न : मुलगा इंग्लंडात लेस्टरला असतो. तिथं घराजवळच्या एका दुकानाच्या काचेवर निळा कागद लागला होता, त्यावर लिहिलेलं की इथं दारू आणि म्युझिकचं लायसन्स मागितलंय, कुणाला हरकत असेल तर कौन्सिलला कळवा. मुलाने फोटो पाठवला. आपल्याकडं असं का नाही? (निवृत्त शिक्षक, रेल्वे लाइन्स)

उत्तर : सर, तुमच्या या पत्रावर मी खूप वेळ रेंगाळलो, कारण आमच्या धंद्यातल्या माणसाला हा निळा कागद फार विचार करायला लावतो.

तिथं इंग्लंड आणि वेल्समध्ये 2003 चा लायसन्सिंग ॲक्ट आहे, तो 24 नोव्हेंबर 2005 पासून पूर्ण लागू झाला. त्याच्या आधी दारूचं लायसन्स मॅजिस्ट्रेट द्यायचे, या कायद्याने ते काम काढून स्थानिक कौन्सिलला दिलं, म्हणजे आपल्या भाषेत नगरसेवकांच्या समितीला. दारू, म्युझिक, रात्री उशिरापर्यंतचं गरम खाणं, सगळं एकाच लायसन्सवर. अर्जदाराने तो फिक्या निळ्या रंगाचा कागद 28 दिवस जागेवर लावायचा, पेपरात जाहिरात द्यायची आणि त्या मुदतीत कुणीही लेखी हरकत घेऊ शकतो. हरकती आल्या की सुनावणी लागते, साधारण तीन नगरसेवक बसतात, मालक बोलतो, शेजारी बोलतात, पोलीस बोलतात, निकाल पटला नाही तर मॅजिस्ट्रेट कोर्टात अपील.

पण सर, हरकत म्हणजे "आम्हाला दारू आवडत नाही" ही हरकत नव्हे. कायद्याने चारच गोष्टी धरल्यात : गुन्हे आणि दंगा होऊ नये, लोकांचा जीव सुरक्षित राहावा, आजूबाजूला उपद्रव होऊ नये आणि मुलांना अपाय होऊ नये. घराची किंमत पडेल, असलं काही लिहिलं तर बाजूला ठेवतात. आपल्या जुळे सोलापूरच्या ताईंना जे वर सांगितलं तेच तिथंही, मोजपट्टीत बसेल तेवढंच बोलायचं. छोट्या कार्यक्रमाला तिथं तात्पुरती नोटीस देतात, 21 पौंड फी, 499 माणसांपर्यंत.

एका बाबतीत मात्र आपला नियम शेजाऱ्याला जास्त कामाचा आहे. तिथलं लायसन्स एकदा मिळालं की साधारणपणे संपत नाही, वर्षाची फी भरत राहायची. त्रास झाला तर शेजारी रिव्ह्यू मागू शकतो, पण मागावा लागतो. आपल्याकडं एफएल-थ्रीचं वर्ष 31 मार्चला संपतं आणि दरवर्षी नूतनीकरण. म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत तुमची वही, तुमच्या पोचा, तुमचे अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या टेबलावर असतील तर नूतनीकरणाच्या वेळी ते बघितले जाण्याची आशा असते. आपले लोक तक्रार करतात कधी, तर थर्टी फर्स्ट डिसेंबरच्या रात्री, आणि एक जानेवारीला विसरतात.

बाकी तुमच्या "का नाही" ला माझं खरं उत्तर असं की आपला कायदा शेजाऱ्याला विचारायचा म्हणून बनलाच नाही, तो पिणाऱ्यावर आणि विकणाऱ्यावर नजर ठेवायचा म्हणून बनला. परमिट रूम हे नावच बघा ना, पिणाऱ्याकडं परमिट पाहिजे म्हणून परमिट रूम, आजही विदेशी दारूचं एक दिवसाचं परमिट पाच रुपयाचं असतंय आणि ते खिशात न ठेवता पिणारेच जास्त. शेजारी या सगळ्यात कुठेच नव्हता. मला स्वतःला विचाराल तर तो निळा कागद इथं आणावा, भले लायसन्स जिल्हाधिकाऱ्यांकडेच राहू दे.

प्रश्न : आमच्या भागात देशी दारूचं दुकान आहे, सकाळपासून माणसं पडलेली असतात, आम्ही विड्या वळणाऱ्या बायका तिथूनच येतो-जातो. उभी बाटली आडवी बाटली शहरात पण होतं का? (विडी घरकुल)

उत्तर : होतं, ताई. गावात ग्रामसभा असते म्हणून तिथलीच उदाहरणं पेपरात येतात, पण 2008 च्या आदेशात शहरातला वॉर्डसुद्धा धरलाय. त्या आदेशाप्रमाणे वॉर्डातल्या निदान 25 टक्के महिला मतदारांच्या सह्यांचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे द्यायचा, मग सह्यांची पडताळणी होते, आणि मग गुप्त मतदान. मतपत्रिकेवर दोन चित्रं, दुकान राहू द्या म्हणजे उभी बाटली, बंद करा म्हणजे आडवी.

आता नीट ऐका, इथंच सगळ्या जणी फसतात. निम्म्याहून जास्त मतं पाहिजेत ती आलेल्या बायकांच्या निम्मी नव्हेत, यादीतल्या सगळ्या महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त. म्हणजे यादीत दोन हजार नावं असतील आणि नऊशे बायका आल्या, नऊशेच्या नऊशे जणींनी आडवी केली तरी दुकान चालूच राहणार. जी आली नाही तिची बाटली उभी. त्यात लग्न होऊन हैदराबाद, भिवंडी, सुरतला गेलेल्या पोरींची नावं यादीत तशीच असतात, वारलेल्या आज्या पण असतात, त्या सगळ्या तुमच्या विरोधात मोजल्या जातात. म्हणून सह्या गोळा करायच्या आधी मतदार यादी घ्या, गल्लीवार बसा, नसलेली नावं कमी करायचे फॉर्म भरा. कंटाळवाणं काम आहे पण सगळा खेळ त्यातच आहे. सह्या घेताना यादीतला नंबर समोर लिहा, नाहीतर पडताळणीत एकीच्या नावाने दुसरीची सही निघते आणि अर्ज कोसळतो. पडताळणीला माणूस दारात येतो तेव्हा सासरा किंवा नवरा समोर उभा असला की "मी सही केलीच नाही" म्हणणाऱ्या निघतात, त्याची पण तयारी ठेवा, शेजारणींनी एकत्र थांबावं. मतदान विड्या जमा करायच्या वेळेला ठेवलं तर वेळ बदलून मागा, कारण कारखान्यात विड्या द्यायच्या सोडून कुणी येणार नाही. टक्केवारीचे नियम बदलायच्या घोषणा अधूनमधून होत असतात, म्हणून अर्ज टाकायच्या दिवशी एक्साइजच्या ऑफिसात आज कुठला आकडा चालू आहे ते लेखी विचारून घ्या.

आणि एक सावधगिरी. देशीची आणि वाइन शॉपची नवीन लायसन्सं देणं राज्यात कित्येक दशकं बंद होतं, म्हणून जुन्या लायसन्सला सोन्याचा भाव असतो आणि ते स्थलांतर करून दुसरीकडं नेतात. तुमच्याकडचं बंद झालं तर ते कुणाच्या तरी दुसऱ्या वस्तीत निघू शकतं. त्या वस्तीतल्या बायकांचा नंबर आत्ताच घेऊन ठेवा म्हणतो मी.

प्रश्न : मला सात रस्त्याजवळ कॅफे टाकायचाय, दारू नाही, फक्त कॉफी, सँडविच आणि शनिवारी ओपन माइक, गिटार वगैरे. मित्र म्हणतो दारू नाही तर लायसन्स कशाला? नंतर हुक्का पण ठेवायचा विचार आहे.

उत्तर : बाळा, शेवटच्या वाक्यापासून सुरू करतो, हुक्का डोक्यातून काढ. 2018 मध्ये राज्याने कायद्याने हुक्का पार्लर बंद केलेत, दंड पण आहे आणि जेल पण. हर्बल आहे म्हणून पाटी लावणाऱ्यांचं काय होतंय ते पेपरात वाचतोसच.

दारू नसली तरी गठ्ठा असतोच, फक्त पातळ. खाण्याचं एफएसएसएआय, महापालिकेचा व्यवसाय परवाना, शॉप ॲक्टची नोंद, आणि तिकीट लावून किंवा जाहिरात करून लोकांना बोलावून कार्यक्रम करणार असशील तर पोलिसांची परवानगी. स्पीकरवर रेकॉर्डेड गाणी लावणार असशील तर पीपीएल आणि आयपीआरएस या नावांची पत्रं येतील, ती फसवणूक समजून फाडू नकोस, कॉपीराइटवाल्यांची असतात. ओपन माइकला कुणी दुसऱ्याचं गाणं म्हटलं तरी तो विषय निघतो.

पण मला तुला सांगायचंय ते आगीचं. 29 डिसेंबर 2017 ला मुंबईत कमला मिल्सच्या आवारात गच्चीवरच्या पबला आग लागली आणि 14 माणसं गेली. लांबचं वाटत असेल तर आपल्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतलं घे, 2025 च्या मे महिन्यात टॉवेलच्या कारखान्यात आग लागली, आठ जण गेले, त्यात लहान लेकरू पण होतं. तो कॅफे नव्हता पण धूर तोच असतो. पहिल्या मजल्यावरचा गाळा स्वस्त मिळतो म्हणून घेशील, तर जिना किती रुंद आहे आणि दुसरा जिना आहे का हे भाड्याच्या आधी बघ. ओपन माइकला चाळीस-पन्नास पोरं बसतात, जिन्यातच शूज काढतात, तिथंच सिलिंडर ठेवलेला. छताला तो काळा फोम चिकटवू नकोस, आवाज चांगला येतो पण पेटतो. राज्याच्या 2006 च्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे यंत्रणा चालू असल्याचा दाखला लायसन्सवाल्या एजन्सीकडून वर्षातनं दोनदा, जानेवारीत आणि जुलैत द्यायचा असतो. माझ्या ओळखीचे निम्मे हॉटेलवाले तो जुलैचा विसरतात.

पुढे बिअर ठेवाविशी वाटली तर परत लिही, नुसत्या बिअर-वाइनचं लायसन्स वेगळं असतंय आणि ते पूर्ण परमिट रूमपेक्षा हलकं आहे. तेव्हा वयाचं पण लक्षात ठेव, बिअरला 21 आणि हार्डला 25, कॉलेजच्या पोरांवर चालणाऱ्या कॅफेचं गणित तिथंच बदलतं.

प्रश्न : ऑर्केस्ट्रा बारमध्ये चारच बायका स्टेजवर चालतात असं ऐकलंय, खरंय?

उत्तर : होतं तसं, चार बायका चार पुरुष. एका हॉटेलने सुप्रीम कोर्टापर्यंत नेलं आणि फेब्रुवारी 2022 मध्ये कोर्टाने सांगितलं की स्टेजवर एकूण आठ ही मर्यादा राहील, त्यात किती बायका किती पुरुष हे परवाना देणाऱ्याने ठरवायचं नाही. गाणाऱ्या बाया नाचल्या की तो डान्सचा विषय होतो आणि त्याला 2016 चा वेगळा कायदा आहे. नोटा उधळायला बंदी, वेळ संध्याकाळी 6 ते रात्री साडेअकरा.

प्रश्न : आम्ही चार मित्र पार्सल घेऊन हायवेच्या ढाब्यावर बसतो, शीक कबाब त्यांचे, बाटली आमची. ढाब्यावर लायसन्स नाही. आमचं काय होऊ शकतं?

उत्तर : ढाबेवाल्यावर कलम 68 आणि तुम्हा चौघांवर कलम 84. बाटली तुमची असली तरी जागा गुत्ता धरली जाते. आपल्याकडं एक्साइजवाले अशा धाडी नेहमी टाकतात आणि कोर्टात उभं राहून दंड भरावा लागतो, बायकोला काय सांगायचं ते तुम्ही बघा. कबाब पार्सल घ्या.

प्रश्न : बहिणीचं लग्न लॉनवर आहे, हळदीच्या रात्री पाहुण्यांसाठी थोडी सोय करायचीय. लॉनवाला म्हणतो बिनधास्त करा, मी बघतो.

उत्तर : लॉनवाला काही बघत नाही, धाड आली की तो "पार्टीने आणलं" म्हणतो. एक दिवसाचं लायसन्स मिळतं, उत्पादन शुल्कच्या वेबसाइटवर ऑनलाइन अर्ज करता येतो, तारीख, जागा, किती माणसं हे भरायचं. अर्ज आदल्या दिवशी टाकू नका. हळदीची तारीख 2 ऑक्टोबर, 26 जानेवारी किंवा मतदान संपायच्या आधीच्या 48 तासांत येत नाही ना तेवढं कॅलेंडर बघा. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत लॉन धरलं असेल तर आणखी एकदा चौकशी करा, यात्रेच्या मुख्य दिवसांना जिल्हाधिकाऱ्यांचा बंदचा आदेश निघाला तर होम मैदानावरचं शोभेचं दारूकाम सोडून दुसरं दारूकाम नाही.